कास्ट आयर्न बुलेट ३५०: टॅपेट आधी, पॉइंट मग, टायमिंग सगळ्यात शेवटी

टकटक येते म्हणून मेकॅनिकने टॅपेट (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांची सेटिंग) आवळले आणि तेव्हापासून गाडी गरम झाली की बंद पडते, वर किक उलटी मारते, असं म्हणताय ना, तर या दोन वेगळ्या भानगडी आहेत भाऊ. बंद पडणं बहुतेक टॅपेटचं आणि उलटी किक टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेची.

जुन्या बुलेटला थोडी टिकटिक असणारच, ती येऊ द्या. टॅपेट घट्ट झाले की गरम इंजिनात व्हॉल्व नीट बसत नाही, कॉम्प्रेशन (आतला दाब) जातं, आणि तशीच दामटलीत तर एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो. म्हणजे गप्प बसलेलं इंजिन जास्त महागात पडतं.

काम सकाळी करा, इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे. प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा, हवा जोरात ढकलली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक, तिथून पिस्टन वर टोकाला आणा म्हणजे दोन्ही व्हॉल्व बंद. उजवीकडचं टॅपेट कव्हर उघडा. इथे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लागत नाही, पुश रॉड म्हणजे व्हॉल्व उघडणारी दांडी, ती दोन बोटांत धरून गोल फिरली पाहिजे पण वरखाली अजिबात हलली नाही पाहिजे, दोन्हीचं तेच. नट फिरवायचे पाने पातळ घ्या, जागा कमी आहे, आणि लॉकनट आवळताना सेटिंग हमखास हलतं म्हणून आवळून झाल्यावर परत फिरवून बघाच. (यूसीई, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या नंतरच्या इंजिनवाल्यांनी हे वाचून पाने काढू नका, तुमचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, आपोआप सेट होतात.)

मग पॉइंट, म्हणजे करंट तोडून ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट. पूर्ण उघडे असताना गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, इथे मात्र गेज लागतं. हे टायमिंगच्या आधीच करायचं कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप अ‍ॅडव्हान्स होतं, ठिणगी आधी पडते. लोक टायमिंग लावून वर पॉइंट घासत बसतात आणि मग लावलेलं सगळं वाया.

आता टायमिंग. पिस्टन टॉपच्या ०.८ मिमी आधी असताना पॉइंट नुकते उघडायला पाहिजेत. प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक घालून अंदाज येतो, पण भोक तिरकं आहे त्यामुळे तो अंदाजच. चाक थोडं मागे नेऊन पुढे आणतच त्या जागेवर या, नाहीतर चेनचा ढिलेपणा फसवतो. मग इग्निशन चालू, लाइट बंद, आणि करंट दाखवणाऱ्या अँपिअर मीटरकडे बघा. पॉइंट बंद असताना काटा मायनसला जातो, उघडले की मध्ये येतो. पॉइंटचं हाउसिंग ढिलं करून हळूहळू फिरवा, काटा मध्ये उडी मारतो तिथे आवळा. बॅटरी उतरलेली असेल तर काटा धड हलणार नाही, मग पॉइंटमध्ये सिगरेटचा पातळ कागद धरून ओढा, सुटला की उघडले. इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट बंद असले तर कॉइल तापते.

एवढं करूनही किक उलटी आली तर पॉइंटच्या खालचं ऑटो अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी वजनं) बघा. वजनं ग्रीस सुकून अडकतात किंवा स्प्रिंग ढिल्या पडतात, मग गाडी स्टार्टलाच अ‍ॅडव्हान्समध्ये असते. बोटाने कॅम फिरवून सोडा, पटकन मागे आला पाहिजे. नाही आला तर साफ करून थोडं तेल द्या, आणि तोवर किक मारताना पायात बूट घाला, चप्पल नको.