लोंबत्या गुलाबी घोसांचे हे झुडूप कोणते, आणि वर्ष झाले तरी त्याला पुन्हा कळी का धरत नाही?

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून (चौकोनी खोड, जाड समोरासमोर पानं, खाली लोंबणारा गुलाबी घोस) हे मेडिनिला मॅग्निफिका आहे. मूळ फिलिपाइन्सच्या डोंगराळ वर्षावनातलं सदाहरित झुडूप.

तरी खात्री करून घ्या. त्यासाठी फूल येईपर्यंत थांबायला नको. पानाला देठ जवळजवळ नसतोच, ते थेट खोडाला चिकटलेलं असतं. मधल्या शिरेच्या बुडाकडून निघालेल्या ठळक शिरा कमानीसारख्या वळून टोकाकडे जातात. खोडाला कंगोरे असतात आणि पेरापाशी राठ केसांचं कडं दिसतं. बोट फिरवलंत तर हातालाच कळेल. पुढे फूल आलं की पाहा, ज्यांना आपण मोठ्या गुलाबी पाकळ्या समजतो ती खरं तर छदं, म्हणजे फुलांच्या बुडाशी असणारी रंगीत पानं असतात. खरी फुलं त्यांच्याखाली झुपक्यांत, लहानशी. त्यांचे परागकोश वाकडे असून टोकाच्या बारीक छिद्रातून पराग बाहेर पडतो. मोठी छदं नसतील आणि नुसतेच बारीक गुलाबी कळ्यांचे घोस असतील, तर ती बहुधा मेडिनिला मिरियांथा. काळजी दोघींची सारखीच, त्यामुळे त्यावर फार डोकं शिणवू नका.

आता मूळ दुखणं. हे झुडूप जंगलात बहुतेक वेळा जमिनीत नसतंच, मोठ्या झाडांच्या बेचक्यांत वाढतं. बांडगूळ नव्हे, यजमान झाडाचा रस ते शोषत नाही. सालीवर साठलेला पालापाचोळा आणि शेवाळ एवढंच त्याला पुरतं. म्हणजे मुळांना ओल हवी, पण हवाही तितकीच हवी. नेहमीची बागेतली माती कुंडीत दाबून भरली की मुळं गुदमरतात आणि कुजतात. ऑर्किडला वापरतात तसे सालीचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडं परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि थोडं कुजलेलं पानखत असं भुसभुशीत मिश्रण करा. कुंडी मोठी नको. वरचा थर सुकला की पाणी द्या, ताटलीत साचू देऊ नका. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. उजेड भरपूर पण गाळून आलेला हवा, दुपारच्या उन्हात पानं करपतात. हवा दमट हवी.

एवढं सगळं करूनही कळी धरत नसेल, तर माझ्या मते त्याला विश्रांती मिळत नाहीये. बाराही महिने ऊब, पाणी आणि खत मिळालं की ते नुसतं पानावर जातं. थंडीत काही आठवडे १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, पाणी कमी करा, खत पूर्ण बंद. पण पार कोरडं पडू देऊ नका. कळ्या दिसू लागल्या की परत उबेत आणा आणि पाणी हळूहळू वाढवा. आणि मग कुंडीला हात लावू नका! जागा बदलली, दिशा फिरवली किंवा हवा कोरडी झाली तरी कळ्या गळतात. हौसेने रोज कुंडी फिरवून बघणाऱ्यांची फुलं याच पायी जातात.

खत वाढीच्या दिवसांतच, तेही सौम्य. छाटणी फुलोरा संपल्यावर लगेच करा. उशीर केलात तर पुढच्या कळ्या धरणाऱ्या फांद्याच कापल्या जातील. पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग ही रस शोषणारी कीड, ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाच्या तेलाचा फवारा द्या. कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीडही येते, म्हणून पानाची खालची बाजू बघत जा.

रोपं वाढवायची असतील तर अर्धवट पिकलेल्या फांदीचं छाट कलम उबदार, झाकलेल्या जागी लावा. मूळ धरायला बराच वेळ लागतो, तेव्हा ओढून बघण्याचा मोह आवरा.