नागिणीचं तोंड शेपटीला लागलं तर?

"नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो, खरं का?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. त्यातल्या एका काकू माझ्या मनातून जात नाहीत. (ओळख बदलली आहे.)

साठीच्या, साताऱ्याकडच्या. उजव्या बरगडीखाली फोडांचा पट्टा, साडी घासली तरी कळ. डॉक्टरांनी विषाणूवरच्या गोळ्या दिल्या होत्या. या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगला गुण येतो. काकू मात्र आधी नागीण उतरवणाऱ्याकडे न्या म्हणून हटून बसलेल्या. दुसरा दिवस उजाडला तसा लेक त्यांना माझ्याकडे घेऊन आला.

काकूंनी पदर सारला. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना बॉलपेनच्या रेघा होत्या. रात्री सुनेकडून मारून घेतलेल्या.

"रातीच्या रेघंच्या दोन बोटं म्होरं आलीया, ताई. तोंड शेपटाला लागायला कितीसा येळ?"

त्यांना खुळ्यात काढायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पहिले तीन ते पाच दिवस नवे फोड येत राहतात, पट्टा लांबतो. नागिणीला 'हर्पिस झोस्टर' हे वैद्यकीय नाव देणाऱ्यांनीही हेच पाहिलं असणार. आपलं 'सरपटणं' आणि 'सर्प' ज्या धातूचे, त्याच कुळातलं ग्रीक क्रियापद 'हर्पिस' या नावात आहे. 'झोस्टर' म्हणजे कंबरपट्टा. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांत याला 'कुलेब्रिया', छोटा साप, म्हणतात, आणि डोकं शेपटीला लागलं की मरण, ही भीतीही तिथे आहे.

काकू हे कान देऊन ऐकत होत्या. "म्हंजी तिकडं बी नागीणच?"

"तिकडंही. पण साप कुठेच नाही. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? तो विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी निजून होता, तो जागा झालाय."

मग त्यांचा एक हात मी बेंबीवर ठेवला, दुसरा पाठीच्या कण्यावर. डाव्या अंगाच्या नसा वेगळ्या, उजव्या अंगाच्या वेगळ्या. विषाणू आपल्या नसेच्या वाटेनंच जातो, म्हणून पट्टा बहुधा या दोन हातांच्या मधेच थांबतो. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांत तो पसरू शकतो, डोळ्याजवळ आला तर नजरेला धोका असतो. अशांनी एक दिवसही दवडू नये. पण तिथेही कारण विषाणूच, वेढा नव्हे.

काकू बराच वेळ तशाच बसल्या, दोन्ही हात जागच्या जागी. मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "पानी दे."

गोळी घेतली आणि मला विचारलं, "तीन म्हयन्याची नात हाय. तिला घिऊ का मांडीवर?"

फोडांवर खपली धरेपर्यंत नको, म्हटलं. तिला यातून कांजिण्या होऊ शकतात.

"मंग लांबनंच बगते," म्हणाल्या आणि पदर नीट केला.