जोड्या जुळवायचे घरगुती पत्ते वळतात आणि मागून ओळखू येतात, त्यावर उपाय

ताई, तुम्ही लिहिलंय की जुन्या लग्नपत्रिका कापून, त्यांवर चित्रं फेव्हिकॉलने चिकटवून 24 पत्ते केले. दोन दिवसांत ते वाटीसारखे वळले आणि आता मुलं पाठ बघूनच जोडी उचलतात. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. सगळी मेहनत चित्रांवर गेली आणि पाठ राहून गेली. पालथ्या पत्त्यांतून सारख्या चित्रांची जोडी शोधायच्या या खेळात चित्र जेमतेम जमलं तरी चालतं, पाठ मात्र सगळ्या पत्त्यांची हुबेहूब सारखी हवी.

आधी वळण्याचं बघू. गोंदाने ओला झालेला कागद फुगतो, फुगलेलाच चिकटतो, मग वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. कागद एकाच बाजूला असेल तर पत्ता चित्राकडे वळणारच. मागेही साधारण तेवढ्याच जाडीचा कागद लगोलग लावला की ओढ दोन्हीकडून सारखी होते. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालू नका. जुन्या एटीएम कार्डाने पातळ थर पसरवा, कडांपर्यंत. नंतर खाली-वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर पाच मिनिटांत वाळेल असा मोह होतो, पण उन्हात वरची बाजू आधी वाळते आणि पुन्हा वाटी तयार. कूलरसमोरही नको, ती हवा दमट असते.

लग्नपत्रिका सोडून द्या. प्रत्येकीची जाडी वेगळी, शिवाय छापील अक्षरं पातळ कागदातून दिसतात. बाइंडिंगवाल्याकडे करडा पुठ्ठा मिळतो, तो 1 मिमी जाडीचा घ्या. नाहीतर कॉर्नफ्लेक्सचे एकाच मापाचे खोके चालतील. त्यातून काही दिसत नाही आणि फरशीवरून पत्ता नखाने उचलता येतो. लॅमिनेशन करू नका. पत्ते गुळगुळीत होतात, ट्यूबलाइटखाली चकाकतात आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर फेव्हिकॉल धरत नाही.

पाठीसाठी मोठ्या फुलांचा गिफ्ट पेपर आणला तर एका पत्त्यावर पाकळी येते, दुसऱ्यावर देठ, आणि ‘देठवाला म्हणजे वाघ’ हे मुलांना तिसऱ्या डावात तोंडपाठ होतं. एकरंगी किंवा अगदी बारीक ठिपक्यांचा कागद घ्या. वह्यांना लावायचं खाकी कव्हर स्वस्त पडतं, फक्त त्यावर उठून दिसणाऱ्या रेघा नसाव्यात. पत्ता फिरला की रेघा आडव्याच्या उभ्या होतात आणि मग तीच खूण बनते.

आता माप. 6 सेमीचा चौकोन लहान हाताला बरा. ए-4 कागदावर आडवे 3 आणि उभे 4 असे 12 बसतात, मधे 5 मिमी फट सोडूनही. एका पानावर 12 वेगवेगळी चित्रं मांडा आणि तेच पान दोनदा छापा, की 12 जोड्या झाल्या. कलर झेरॉक्सवाल्याला पान व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर चित्रं पुसट येतात. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि ‘100 टक्के साइझ’ सांगा, नाहीतर मशीन पान आक्रसून छापतं. प्रिंट लेझरचाच घ्या. इंकजेटची शाई ओल्या गोंदाने आणि घामेजल्या बोटांनी फुटते.

कापणं सगळ्यात शेवटी. सुटे चौकोन चिकटवत बसू नका. चित्राचं पान, पुठ्ठा आणि पाठ असा पूर्ण ए-4 चिकटवा, वाळू द्या, मग कापा. स्टीलची पट्टी, नवं ब्लेड, चार-पाच हलके हात. एकदाच जोर लावला की कड तिरपी जाते. पट्टी नेहमी पत्त्यावर ठेवा, म्हणजे हात सरकला तरी ब्लेड फटीत जातं. एखादा पत्ता 2 मिमीने लहान झाला तर तोही ओळखू येतो. कोपरे गोल करायचे तर सगळ्यांचे करा, नाहीतर एकाचेही नको.

चित्रांत एकमेकांसारखी दिसणारी दोन ठेवू नका. फुटाळा आणि अंबाझरी हे नागपूरचे तलाव छोट्या चौकोनात सारखेच निळे दिसतात, त्यातला एकच घ्या. झीरो माइल स्तंभाजवळचे घोडे, दीक्षाभूमीचा स्तूप, मेट्रो, वाघ, तर्री-पोहे, सांबारवडी (कोथिंबिरीची) ही वेगवेगळ्या आकारांची म्हणून चांगली. काळी आणि पिवळी मारबत (नागपुरात मिरवणुकीने नेतात ते मोठे पुतळे) मात्र मुद्दाम दोन्ही घ्या. आकार सारखा, रंग वेगळा, तिथे मोठेही फसतात. पण चार वर्षांच्या मुलासाठी ही दोन बाजूला काढा आणि 6 जोड्यांनीच सुरुवात करा (3 बाय 4). पाच-सहा वर्षांना 10 जोड्या, 4 बाय 5. सगळ्या 12 जोड्या 4 बाय 6 मांडायच्या. जोडी जुळली तर पत्ते आपले आणि आणखी एक पाळी. नाही जुळली तर पत्ते त्याच जागी पालथे. जागा हलवली की भांडण ठरलेलं.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. त्याच पुठ्ठ्याचे, त्याच पाठीचे 4 कोरे पत्ते आत्ताच करून ठेवा. पत्ता हरवल्यावर महिन्याभराने नवा केला तर पाठीचा कागद त्याच छटेचा मिळत नाही, आणि त्या एका पत्त्यापायी सगळा संच पुन्हा करावा लागतो.