घरचं साधं जेवण जेवूनही आईचं हिमोग्लोबिन कमी आणि बाबांची साखर वाढलेली, असं का?

तुम्ही लिहिलं आहे की घरी रोज पोळी-भाजी, वरण-भात असतो, बाहेरचं खाणं क्वचित, तरीही आईचं हिमोग्लोबिन ८.९ निघालं आणि बाबांची साखर वाढली. मग घरचं जेवण पौष्टिक नसतं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक घरं अशी साध्या जेवणाचीच असतात. पदार्थांमध्ये काही खोट नसते. बिघडलेलं असतं ते प्रमाण, आणि घरात कोण कधी आणि किती जेवतं, याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

एक दिवस मांडून बघू. सकाळी पोहे, दोन्ही जेवणांत मिळून सहा पोळ्या आणि दोन्ही वेळा भात. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक, प्रत्येक वेळच्या भाताला ६० ग्रॅम तांदूळ आणि पोहे ६० ग्रॅम धरले, तर धान्य झालं ३६० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसासाठी सुचवलेलं धान्य सुमारे २५० ग्रॅम आहे. त्यासोबत डाळी-कडधान्यं सुमारे ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम २० ग्रॅम असते, म्हणजे दोन वाट्या खाऊनही निम्मं गाठलं जात नाही. भाजी बटाट्याची असेल तर ती पुन्हा पिष्टच, म्हणजे धान्यासारखाच स्टार्च, ज्याची पचनात साखर होते. पोटभर जेवण झालं, चव घरची, तेलही बेताचं, तरी ताटातला मोठा वाटा धान्याचाच राहिला. बाबांच्या साखरेशी याचा थेट संबंध आहे.

धान्याचं हे वजन काही तुमच्या आईने ठरवलेलं नाही. हरितक्रांतीनंतर सरकारी खरेदी मुख्यतः गहू-तांदळाची होत गेली, रेशनच्या दुकानातही तेच आलं. मराठवाड्या-विदर्भात ज्वारीच्या कितीतरी रानांत आता सोयाबीन दिसतं. भाकरी गरम खायची तर जेवायच्या वेळीच थापावी लागते; पोळ्या सकाळी लाटून डब्यात भरता येतात. नोकरीला जाणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे. त्यामुळे ‘भाकरी खा’ असा नुसता सल्ला मी देत नाही. रात्री घरात दोन हात मोकळे असतील, तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा ज्वारी-बाजरीची भाकरी जमवा. बाजरीत लोह गव्हापेक्षा जास्त असतं, आणि नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण साखरेच्या दृष्टीने भाकरीही मोजूनच खायची. ‘भाकरी आहे, चालते’ म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच.

आता आईबद्दल, कारण मला जास्त काळजी त्यांची वाटते. ८.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय (अ‍ॅनिमिया). २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या, पुरुष मात्र २५ टक्के. पाळीतला रक्तस्राव आणि बाळंतपणं हे याचं मोठं कारण आहेच, पण ताटाचंही आहे. पाळी सुरू असलेल्या स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. गरज जास्त तिची आणि जेवायला शेवटी बसतेही तीच. उसळीतला रस्सा उरलेला असतो, मटकी संपलेली असते. कोशिंबीर मुलांनी संपवलेली. मग उरलेला भात आणि लोणचं. कृपा करून एक आठवडा आईच्या ताटात शेवटी नेमकं काय येतं ते बघा. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि उसळ आधी सगळ्यांच्या ताटांत वाढून टाकायची, एवढ्याने फार फरक पडतो. कोणत्याही महागड्या पावडरीआधी मी हे सांगते.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, असं घरोघरी सांगतात. बिटाच्या १०० ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसतं. गुळात थोडं असतं, पण आपण गूळ खातो तो खडाभर. त्यापेक्षा माठ, राजगिरा, मेथी अशा पालेभाज्या, मोड आलेली मटकी, हरभरे, तीळ यांवर भर द्या. घरात सामिष चालत असेल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह शरीराला जास्त सहज घेता येतं. शाकाहारी जेवणातलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. त्याला मदत लागते क जीवनसत्त्वाची. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड, कोशिंबीर, चटणी वाढायची रीत होती. आता ती बाजू पापड-लोणच्यावर आली आहे, म्हणजे उरलं ते मीठ. लिंबू आणि कच्ची कोशिंबीर परत आणा, पेरू-आवळा मिळेल तेव्हा खा. जेवणाला लागून चहा घेऊ देऊ नका, कारण चहातली द्रव्यं लोह अडवतात. मध्ये निदान तासभर जाऊ द्या. नाश्ता आणि चहा एकत्र घेणाऱ्या घरात हे अवघड जातं, पण निदान लोहाची गोळी तरी चहासोबत नको.

बाबांसाठी भात बंद करायची गरज नाही. आधी भाजी, कोशिंबीर, घट्ट वरण किंवा उसळ खाऊ द्या, मग एक-दोन पोळ्या, शेवटी थोडा भात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायला पाठवा. ते उपास करत असतील तर साबुदाण्याकडे नीट बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि उपासाच्या नावाखाली तो बशी भरून खाल्ला जातो. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, ताक, एखादं फळ यांवर उपास नीट निभतो. मात्र ते साखर कमी करण्याच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील, तर उपास करण्याआधी किंवा जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते.

आणि हे सगळं केलं तरी ८.९ नुसत्या आहाराने भरून येणार नाही. आईला आधी डॉक्टरांकडे न्या. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, पोटात जंत आहेत का, हे त्यांना तपासू द्या, आणि फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) व बी-१२ जीवनसत्त्व तपासायचं का तेही विचारा. घर शाकाहारी असेल आणि दूध-दही कमी असेल तर बी-१२ची कमतरता सहज असू शकते. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून बायका गोळ्या सोडतात. तसं होऊ देऊ नका. मळमळ होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात. हिमोग्लोबिन वर आल्यावरही शरीरातला साठा भरायला गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवाव्या लागतात.