हात लावू का?

सुट्ट्या लागल्या की पालकांची एक तक्रार माझ्या कानावर हमखास येते. "मॅडम, कुठेही न्या, याचा हात आधी पुढे. पुतळा दिसला की लोंबकळणार, भिंतीवर चित्र दिसलं की नखानं खरवडणार. याचं काही बिनसलंय का?" पूर्वी हे दुकानातल्या काचेच्या वस्तूंबद्दल असायचं. आता फेब्रुवारीत मुंबईच्या काळा घोडा कलामहोत्सवात, डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कलामहोत्सवाच्या दिवसांत अजब वस्तू उघड्यावर मांडलेल्या असतात आणि एरवीही चौकाचौकांत भंगारातले प्राणी उभे असतात. त्या मुद्दाम गमतीदार केलेल्या असतात, बऱ्याचदा मुलांच्या उंचीवर असतात. शिवाय "चल, गंमत दाखवते" म्हणत त्यांना तिथे आपणच आणलेलं असतं.

ईशान (नाव बदललं आहे) सहा वर्षांचा. एका प्रदर्शनात प्लास्टिकच्या बाटल्या आणि झाकणांचा भलामोठा मासा होता. ईशानने त्याचं एक निळं झाकण ओढलं. तार सुटली आणि खवल्यांची आख्खी ओळ खाली आली. स्वयंसेवक ओरडला, माणसं वळून बघायला लागली, कुणी तरी मोबाइल काढला. आईने तिथेच त्याच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून त्याला बाहेर नेणं बंद झालं आणि तो स्वतःच्या दप्तरातली पेन्सिलसुद्धा "घेऊ का?" असं विचारून घ्यायला लागला. आईला दोन्ही गोष्टींची काळजी होती. आधी मुलगा फार चळवळा वाटायचा, आता फार भित्रा झाला होता.

मी तिला विचारलं, "बाहेर निघताना तुम्ही त्याला काय सांगता?"

"हेच, की कशालाही हात लावायचा नाही."

"गॅसच्या शेगडीबद्दल काय सांगता?"

"हात लावायचा नाही."

"पाहुण्यांच्या मोबाइलबद्दल?"

"तेच."

"आणि म्हातारीच्या बुटाबद्दल?"

ती हसली. "अहो, तो तर चढायलाच बांधलाय ना!"

"हे ईशानला कसं कळावं?"

ती गप्प झाली. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमधल्या त्या बुटात शिरून वरच्या खिडकीतून हात हलवणं ही मुंबईच्या कितीतरी मुलांची पहिली सहल. तिथे कौतुक झालेलं मूल दुसऱ्या बागेतल्या दुसऱ्या अजब वस्तूपाशी तसंच धावत जातं आणि मार खातं. भाजेल, तुटेल, दुसऱ्याचं आहे, लोक काय म्हणतील, या चारही कारणांना आपण एकच वाक्य वापरतो, तेही एकाच पट्टीत.

ईशान मात्र माझ्याशी बोलेना. मी त्याच्यापुढे शाडूचा गोळा ठेवला. माझ्या खोलीत शाडू कायम असतो, कारण लहान मुलं हात कामात असले की मोकळी होतात हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. दोन-तीन भेटींत नुसते मासे झाले. मग एकदा, एका माशाला टिकल्या लावता लावता, मान वर न करता तो म्हणाला, "ते झाकण माझं होतं."

"तुझं?"

"शाळेत झाकणं गोळा केली होती. मोठा मासा करणार आहेत म्हणाले होते. मी निळी दिली होती. माझ्या झाकणाला आतून खूण केली होती. ती बघत होतो."

आई शेजारीच बसली होती. तिचे डोळे भरून आले. ज्याला ती नासधूस समजत होती, ती त्या मुलाची त्या माशाशी असलेली ओळख होती. प्रदर्शनातल्या इतक्या माणसांत त्या माशाकडे सगळ्यात बारकाईने बघणारा बहुधा तोच असेल.

मी विचारलं, "मग कुणाला विचारलं का नाहीस?"

"कुणाला विचारायचं?"

या दोन शब्दांवर मी पुढे खूप विचार केला. 'हात लावू नको' हा नियम मुलाला सगळीकडे भेटतो, पण नियम करणारा माणूस कुठेच दिसत नाही. मग मूल एक तर हात घालून मोकळं होतं, नाही तर सगळंच सोडून देतं. ईशानने आधी पहिलं केलं, मार खाल्ल्यावर दुसरं.

मी बालवाडीच्या परंपरेतून आलेली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या हातांना जो मान दिला, त्यावर माझी श्रद्धा आहे. या वयात मूल हातानेच समजून घेतं. म्हणून मी पालकांना 'हात बांधा' असं कधीच सांगत नाही. पण 'लावू दे की, मूल आहे' हेही मला पटत नाही. उघड्यावरच्या ब्राँझवर संरक्षक मेणाचा थर असतो, तो हजारो हातांनी झिजतो. तात्पुरत्या मांडणीत तारा आणि पत्र्याच्या कडा असतात, बोट कापतं. एप्रिलच्या उन्हात लोखंडी घोड्यावर बसवलेलं मूल चांगलंच भाजू शकतं. ही कारणं सहा वर्षांच्या मुलाला नीट कळतात, फक्त ती सांगावी लागतात.

कलाकारांचंही या बाबतीत एकमत नसतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली 'ॲलिस इन वंडरलँड' या गोष्टीतल्या ॲलिसची ब्राँझची शिल्पं 1959 पासून मुलांनी चढण्यासाठीच आहेत, हातापायांनी घासून ती गुळगुळीत झाली आहेत. शिकागोतलं 'क्लाउड गेट' हे आरशासारखं चकचकीत स्टीलचं शिल्प मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं. त्याला लोक हात लावणारच, म्हणून त्याचा खालचा भाग नियमित पुसून घेतात. आणि चंडीगडचं रॉक गार्डन बघा. नेकचंद यांनी तिथे फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्यांच्या रांगा बघण्यासाठी उभ्या केल्या आणि त्याच बागेत उंच कमानींना झोके टांगले, त्यांवर आजीबाईही बसतात. एकाच माणसाच्या हातची दोन्ही कामं! तेव्हा सगळ्या जागांना मिळून एक नियम लागणारच नाही. दर ठिकाणी विचारावंच लागतं.

आम्ही ईशानला तेवढंच शिकवलं. वस्तूपासून दोन हात लांब थांबायचं, फलक असेल तर आईकडून वाचून घ्यायचा, नसेल तर जवळच्या स्वयंसेवकाला किंवा रखवालदाराला स्वतः विचारायचं, "काका, हात लावू का?" आईने त्याच्या वतीने विचारायचं नाही. 'हो' आलं तर एका बोटाने, हळू. 'नाही' आलं तर का ते विचारायचं, आणि मग ती कशाची केली असेल ते डोळ्यांनी ओळखायचं. घरी आल्यावर तीच वस्तू मातीची, पुठ्ठ्याची करायची आणि तिला पाहिजे तितका हात लावायचा.

पुढच्या प्रदर्शनात त्याला एका ठिकाणी 'नाही' मिळालं आणि तो रुसला. आईने समजूत घातली नाही, नुसती शेजारी उभी राहिली. माझ्या मते सगळ्यात अवघड काम तेच होतं आणि ते तिने केलं. थोड्या वेळाने तो आपणहून पुढच्या रखवालदाराकडे गेला.

समजा काही तुटलंच, तर चारचौघांत मारू नका. तुटका तुकडा मुलाच्या हाताने परत द्या, माफी दोघांनी मिळून मागा, आणि भरपाई द्यावी लागली तर ती मुलासमोर द्या.

मूल विचारायला शिकल्यावरही घरीदारी सतत हात घालत असेल, पाच-सहा वर्षांचं होऊनही दिसेल ते तोंडात घालत असेल, वारंवार लागूनही थांबत नसेल किंवा उलट चिखल, गवत, कापड यांच्या नुसत्या स्पर्शाने किंचाळत असेल, तर बालविकासतज्ज्ञांना जरूर दाखवा. ईशानला त्याची गरज पडली नाही.