बँकेची फी हजार रुपये, पण खर्च तेवढाच नाही

तू लिहिलंस की ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स आहे, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरायचे आहेत, बाबांची निफाडला द्राक्षबाग आहे आणि त्यांच्या बँकेने "फी हजार रुपये अधिक जीएसटी" एवढंच सांगितलंय. तेवढाच खर्च धरायचा का, असा तुझा प्रश्न आहे. तेवढाच धरू नकोस. हजार रुपये हा त्यातला अगदी लहान तुकडा आहे.

खरा पैसा जातो दरात. गूगलवर दिसतो तो युरोचा दर बँका आपसात वापरतात. आपल्याला मिळतो तो बँकेचा टीटी सेलिंग रेट, म्हणजे परदेशी पाठवायला बँक आपल्याला युरो विकते तो दर, आणि तो गूगलच्या दराच्या वर असतो. किती वर, हे पावतीवर कुठेच लिहिलेलं नसतं. हिशेबाला सोपं म्हणून समज, गूगलवर युरो १०० रुपयांना आहे आणि शाखेने १०२.५० लावला. ११,९०४ युरोंचे ११,९०,४०० रुपये व्हायला हवे होते, ते १२,२०,१६० झाले. २९,७६० रुपये गेले, आणि बाबांना वाटणार की आपण फक्त हजार रुपये फी दिली. म्हणून शाखेत "फी किती" हे विचारूच नका. "माझ्या खात्यातून एकूण किती रुपये वजा होतील आणि तिकडे किती युरो पोचतील?" एवढं विचारा, आणि तो आकडा ईमेलवर मागा. एकाच दिवशी, एकाच तासात तीन ठिकाणी विचारा, कारण दर दिवसभर हलतो.

आणखी एक गोष्ट शाखेत आपणहून कुणी सांगत नाही. सकाळी सगळ्यांसाठी जो ठरलेला दर लागतो तो कार्ड रेट. रक्कम मोठी असेल तर बँकेच्या फॉरेक्स डेस्कला, म्हणजे परकीय चलन विभागाला, फोन करून डील रेट, म्हणजे आपल्या व्यवहारापुरता ठरवलेला दर, घेता येतो. बारा लाख ही मोठी रक्कम आहे. बाबांनी मॅनेजरना सरळ म्हणावं, "साहेब, डील रेट काढून द्या." द्राक्षाच्या व्यापाऱ्याशी ते किलोमागे रुपया-दोन रुपयांसाठी बोलणी करतात, इथे युरोमागे करायची.

बाबांचं खातं सहकारी बँकेत असेल तर आधी बघ, ती परकीय चलनाचा व्यवहार स्वतः करते का. बऱ्याच करत नाहीत, दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत पाठवतात. म्हणजे मध्ये आणखी एक हात आणि दरात आणखी थोडी भर. त्यापेक्षा अशी परवानगी असलेल्या बँकेत आत्ताच खातं काढा. नव्या खातेदाराकडे जुन्या बँकेची स्टेटमेंट मागतात, चौकशी करतात, त्यात वेळ जातो, शेवटच्या आठवड्यात ते जमत नाही.

आता मधल्या बँका. निफाडहून निघालेले पैसे थेट जर्मनीत पोचत नाहीत. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशयंत्रणेने, जातो तो फक्त निरोप. पैसे एका बँकेच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यांतून सरकत जातात, आणि वाटेतली बँक आपला हिस्सा कापून घेऊ शकते. फॉर्मवर तीन पर्याय असतात. अवर म्हणजे सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडून, शा म्हणजे दोघांत वाटून, बेन म्हणजे सगळे घेणाऱ्याकडून. काही न बोललं तर बहुतेकदा शा लागतो.

मी २०१७ मध्ये सांगलीहून श्टुटगार्टला आले, तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम ८,६४० युरो होती. आम्ही बरोबर ८,६४० पाठवले. पोचले ८,६२२. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. १८ युरो कमी म्हणून खातं भरल्याचं पत्र मिळेना, आणि त्या पत्राशिवाय व्हिसाची फाईल अपुरी. ते १८ युरो पोचवायला पुन्हा सगळं करावं लागलं, पुन्हा फी, पुन्हा फॉर्म, आणि मुंबईची अपॉइंटमेंट हातची गेली. पुढची मिळेपर्यंत आई रोज रात्री विचारायची, "आलं का गं पत्र?" तो काळ मी विसरलेले नाही, म्हणून तुला इतकं सविस्तर लिहितेय. अवर निवड, आणि तरीही ४०-५० युरो जास्तच पाठव. जास्तीचे कुठे जात नाहीत, तुझ्याच खात्यात राहतात किंवा परत मिळतात.

परकीय चलनाच्या खरेदीवरचा जीएसटी वेगळा, पण तो भीतीदायक नाही. तुझ्या रकमेवर साधारण १,०३० रुपये. फीवरचा जीएसटी त्याहून निराळा.

टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते तो कर, मात्र नीट समजून घे. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर, सगळ्या बँका मिळून, १० लाखांपर्यंत तो लागत नाही. वरच्या रकमेवर लागतो, आणि दर पाठवण्याच्या कारणावर ठरतो. शिक्षणासाठी दर बराच कमी आहे, घरखर्चासाठी किंवा भेट म्हणून पाठवले तर २० टक्के. वरच्या उदाहरणात १० लाखांवरचे २,२०,१६० रुपये उरतात. चुकीचा पर्पज कोड, म्हणजे पाठवण्याच्या कारणाचा क्रमांक, पडला तर त्यावर ४४,०३२ रुपये अडकतील. ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज, भरताना विद्यापीठाचं प्रवेशपत्र जोड आणि कारण शिक्षणाचंच लिहिलंय हे स्वतः वाचून बघ, कारकुनावर सोडू नकोस. बँकेचं शैक्षणिक कर्ज घेऊन पाठवलं तर टीसीएस लागतच नाही.

हा टीसीएस बुडत नाही, ज्याच्या पॅनवर कापला त्याला प्राप्तिकरात वळता होतो. पण बाबांचं उत्पन्न शेतीचं. ते विवरणपत्र भरत नसतील तर परतावा मिळवायला भरावं लागेल, आणि पैसे हातात पडेपर्यंत काही महिने जातील. छाटणी आणि फवारणीच्या दिवसांत तेवढी रक्कम अडकणं काय असतं ते तुम्हालाच माहीत. आईच्या खात्यात तिचे पैसे असतील तर निम्मी रक्कम तिच्या पॅनवरून पाठवा, दोघंही मर्यादेच्या आत राहतील. जीएसटी दोन-अडीचशेने वाढेल, फी दोनदा पडेल, तेवढं सोसावं. फक्त ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना आधी विचार, दोन जणांच्या नावांनी आलेले पैसे चालतात का.

इथे आल्यावर दर महिन्याला ९९२ युरो सुटतात, ते तुझ्या इथल्या चालू खात्यात फुकट किंवा नाममात्र खर्चात येतात. युरोपातल्या युरोपात युरो पाठवायला त्रास नाही. तोवर भारतातलं कार्ड जपून वापर. बऱ्याच कार्डांवर परदेशी खर्चावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे जादा आकार, आणि त्यावर जीएसटी, म्हणजे शंभराला ४ रुपये १३ पैसे. एटीएम किंवा दुकानातल्या मशीनने "रुपयांत की युरोत?" विचारलं तर नेहमी युरोच दाब. रुपये दाबलेस की दर त्या मशीनवाल्याचा.

पुढे नोकरी लागली की तू घरी पाठवशील. तेव्हा "शून्य शुल्क"च्या जाहिराती दिसतील. तिथेही दर बघ, आणि पहिल्या वेळचा गोड दर दुसऱ्या वेळी राहतो का ते बघ. मी इथल्या बँकेतून सरळ पाठवणं पहिल्या वर्षातच सोडलं. एकदा पाठवताना तीन सेवांचे आकडे शेजारी लिहिले, आणि आमच्या सांगलीच्या घराचं त्या महिन्याचं वीजबिल फरकातच निघालं.

पैसे निघाले की बाबांना बँकेकडून स्विफ्टच्या निरोपाची प्रत मागायला सांग, २०२५ पर्यंत तिला एमटी १०३ म्हणत. चार-पाच दिवसांत पोचले नाहीत तर त्याच कागदावरच्या क्रमांकावरून बँकेला माग काढता येतो.