उपाशीपोटी म्हणजे काय?

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून नागपुरातील एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर काम करते. लग्नाआधी ५८ टक्के गुणांनी जनसंवाद विषयात एम.ए. केले. यंदा नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा दिली आणि पीएच.डी. प्रवेशापुरती पात्र ठरले. माणसे एकमेकांशी कशी बोलतात, यावर मला संशोधन करायचे आहे. यजमान म्हणतात, ‘बोलण्यात कसले आले संशोधन? करायचेच असेल तर मुलीची दहावी होऊ दे.’ मुलगी आठवीत आहे. यजमानांच्या एका सहकाऱ्याने ७ वर्षे घालवून प्रबंध अर्धवट सोडला होता. सासूबाई गप्पच आहेत, नाराज असाव्यात. एकदा भंडाऱ्याकडच्या एका आजोबांना डॉक्टरांनी गोळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली. आजोबांनी मान डोलावली आणि खिडकीवर येऊन मला विचारले, ‘दिवसभर काईच खाचं नाई का, बाई?’ तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, खिडकीवर ऐकलेली वाक्ये वहीत टिपत असते. या वयात फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळेल का? घरच्यांना दुखावून हे करावे का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात वय, पैसा आणि घर यांविषयी पुष्कळ आहे, पण मी थांबले ती त्या आजोबांपाशी. यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. डॉक्टरांचे वाक्य शुद्ध मराठीत होते, आजोबांना ते ऐकूही आले होते, तरीही अर्थ पोहोचला नाही, कारण ज्यांच्या आयुष्यात ‘उपाशी’ हा शब्द उपासाला जोडलेला आहे, त्यांना त्यातून न्याहारीपूर्वीची वेळ नव्हे, तर अख्खा दिवस ऐकू येतो. आणि ती डोलावलेली मान! ती समजल्याची खूण असेल, डॉक्टरांविषयीचा आदर असेल, किंवा मागे रांग खोळंबली आहे याचा संकोचही असेल. यांपैकी नेमके काय होते, हे शोधणे म्हणजेच मानवी संवादाचा अभ्यास. रुग्णाला सांगून झाल्यावर तेच त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचे, अशी ‘टीच-बॅक’ नावाची पद्धत आरोग्य संवादात रूढ आहे. नागपूरच्या रुग्णालयांत गडचिरोली, गोंदियापासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंतची माणसे येतात आणि एकाच रांगेत वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, गोंडी ऐकू येते. अशा ठिकाणी ही पद्धत कितपत चालते, कुठे अडते, हा प्रश्न मला खरोखर मोलाचा वाटतो. ‘माणसे कशी बोलतात’ हा विषय मात्र पीएच.डी.साठी फार पसरट आहे. विषय आजोबांएवढाच लहान ठेवा.

आपल्याकडे संवादाचे बहुतेक विभाग पत्रकारितेच्या शिक्षणातून वाढले, म्हणून त्यांच्या नावात ‘जन’ आधी येतो आणि दोन माणसांमधल्या बोलण्याचा अभ्यास करणारे मार्गदर्शक तुलनेने कमी सापडतात. त्यामुळे विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक शोधण्यावर अधिक वेळ खर्च करा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे, वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही या विषयाचे अध्यापन होते. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आरोग्य संवादावरचे चार-पाच प्रबंध चाळा, त्यांच्या मार्गदर्शकांची नावे टिपून ठेवा आणि मगच भेटायला जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधकच घेता येतात, तर निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणून ‘जागा आहे का’ हे पहिल्याच भेटीत विचारण्यात उद्धटपणा नाही.

फेलोशिपबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. दरमहा ३७,००० रुपयांच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपसाठी ३० वर्षांची मर्यादा आहे आणि महिलांची ५ वर्षांची सवलत धरली तरी तुम्ही तिच्या पुढे गेला आहात. पीएच.डी.ला मात्र वयाची अशी आडकाठी नाही. नोकरी सोडू नका. अर्धवेळ पीएच.डी. नियमांत बसते आणि तुमचा प्रश्न तर त्या खिडकीवरच जन्माला आला आहे. हा अभ्यास किमान ३ वर्षांचा, एरवी ६ वर्षांत संपवायचा असतो. पुनर्नोंदणीची २ आणि महिलांसाठीची आणखी २ वर्षे मिळून मुदत १० वर्षांपर्यंत लांबू शकते. ही सोय अडचणीच्या काळासाठी राखून ठेवा, पहिल्या दिवसापासून तिच्यावर विसंबू नका. पदवीनंतर प्राध्यापकाची नोकरी मिळेलच, या हिशेबानेही यात पडू नका. मी असे अनेक जण पाहिले आहेत, ज्यांचा विषयातला रस नोकरीच्या जाहिरातींबरोबर आटला.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला सांगितलीच पाहिजे. खिडकीवर ऐकलेली वाक्ये तुम्ही वहीत टिपत आला आहात, असे पत्रात ओझरते आले आहे. ती वही स्वतःची समज वाढवण्यासाठी ठेवा, प्रबंधात मात्र उतरवू नका. ती माणसे तुमच्याकडे चिठ्ठी काढायला आली होती, संशोधनाला मदत करायला नव्हे. रुग्णालयाची परवानगी, संशोधनात माणसांच्या हिताला बाधा येत नाही ना हे पाहणाऱ्या नैतिकता समितीची मान्यता आणि प्रत्येक रुग्णाची त्याला कळेल अशा भाषेत घेतलेली संमती, एवढे हाती आल्यावरच नोंदी सुरू करा. संमतीच्या कागदावरचे एखादे वाक्यही ‘उपाशीपोटी’सारखेच निसटू शकते, याचे भान तुमच्याइतके क्वचितच कोणाला असेल.

आता घर. यजमानांच्या एका सहकाऱ्याने ७ वर्षे घालवून प्रबंध अर्धवट सोडला, असे तुम्ही लिहिले आहे. ‘दहावी होऊ दे’ या वाक्यामागे मला त्या सहकाऱ्याच्या अनुभवाचीच भीती दिसते, विरोध दिसत नाही. तेव्हा ‘बोलण्यातही शास्त्र असते’ हे पटवण्यात शक्ती घालवू नका. आठवड्यातले किती तास, कोणत्या वारी, सुरुवातीच्या अभ्यासक्रमाच्या तासिकांना कधी जावे लागेल, त्या दिवशी संध्याकाळी मुलीजवळ कोण असेल, शुल्क कोणत्या पैशातून भरणार, हे कागदावर मांडून त्यांच्यासमोर बसा. त्यांना हेही सांगा की पीएच.डी. प्रवेशापुरत्या पात्रतेचे नेटचे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात, म्हणजे दहावीपर्यंत थांबलात तर परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. दहावीच्या वर्षी तुमचे काम मंदावेल, हे मात्र तुम्हीही आधीच कबूल करा. सासूबाईंच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही ‘नाराजी’ असा लावला आहे. त्यांना एकदा विचारून पाहा. आजोबांची डोलावलेली मान डॉक्टरांनीही गृहीतच धरली होती.

अर्धवेळ प्रवेशासाठी रुग्णालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, आणि त्यात कामाच्या वेळा सांभाळून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळतो, गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी कामातून मोकळीक देऊ, असा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. असे कागद टेबलाटेबलावर रेंगाळतात. त्याचा अर्ज याच आठवड्यात द्या.